बाईंची साडी आणि बाईंचा तास: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला दोन प्रकारचे प्रश्न येतात. एक, 'मुलं इंग्रजी बोलायला कधी लागतील?' आणि दुसरा, 'परवाची लिपस्टिक कुठली होती?' पहिला विचारणारे दुसरा विचारणाऱ्यांना जरा हसतात. मीही कित्येक वर्षं दोन्हींची उत्तरं वेगवेगळी ठेवायचे. पण लिहायला बसले की एकातलं दुसऱ्यात शिरतंच, म्हणून आता एकाच जागी लिहिते. स्वतःचा प्रश्न विचारण्याआधी खाली नजर टाका, बहुतेक तो कुणीतरी आधीच विचारलेला असेल.

तुम्ही नक्की कुठे आणि कोणाला शिकवता?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत. पाचवी ते आठवी, इंग्रजी. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे पाचवीत आलेल्या मुलाची कागदोपत्री चार वर्षं इंग्रजी झालेली असते. प्रत्यक्षात त्याला 'माय नेम इज'पासून सुरू होणाऱ्या पाच ओळी एका दमात म्हणता येतात, आणि मध्येच थांबवलं तर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. माझं काम त्या थांबण्याच्या जागेपासून सुरू होतं.

रोज साडी नेसून शिकवायला जमतं कसं? आणि कोणत्या साड्या?

सवयीने जमतं. सुती साडी, पदराला खांद्यावर दोन पिना, निऱ्यांना एक, आणि साडी घोट्याच्या किंचित वर. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात नेला तरी काही सुटत नाही, एवढं घरी आरशासमोर एकदा करून बघायचं. नव्या शिक्षिकांना माझा हाच पहिला सल्ला असतो. खाली बसा, वाका, हात वर करा आणि मगच घराबाहेर पडा.

आमच्या भागात इरकल सहज मिळते. मूळची कर्नाटकातल्या इलकलची, पण सांगली-सोलापूरकडच्या आज्यांनी ती आपलीच मानली आहे. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाच्या ताण्याशी फासे घालून जोडलेला असतो. त्या पदरावरच्या पांढऱ्या शिखरांना 'टोपे तेनी' म्हणतात. सोबत गुळेदगुड्डच्या खणाचं ब्लाउज. खडूची भुकटी पडली तरी झटकली की गेली. सिल्कवर खडूचा हात पुसला की तो दिवसभर दिसतो, म्हणून सिल्क फक्त गॅदरिंगला. पायात कोल्हापुरी, पण पावसाळ्यात नाही.

शासनाने शिक्षकांसाठी ड्रेसकोड काढला आहे ना? त्यात हे सगळं बसतं का?

मार्च २०२४ च्या शासन निर्णयात पेहरावाबद्दल मार्गदर्शक सूचना आहेत. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा वापरावा. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. लिपस्टिक, काजळ, गजरा यांच्याबद्दल त्या सूचना काही म्हणत नाहीत. इरकलीचा गडद हिरवा 'गडद'मध्ये धरायचा की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एक पूर्ण मधली सुट्टी खर्ची पडली. हिरवी मी अजून नेसते.

लिपस्टिक लावून वर्गात जाणं बरं दिसतं का?

हा प्रश्न पालकांपेक्षा सहकारी जास्त विचारतात. उत्तर जरा लांबेल.

आपल्या मराठी 'व'चा उच्चार धड व्हीचा नाही आणि धड डब्ल्यूचाही नाही. त्यामुळे मुलांना वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन हे दोन्ही शब्द एकसारखेच ऐकू येतात आणि तसेच ते म्हणतातही. कानाला फरक कळत नाही तेव्हा डोळ्याला दाखवावा लागतो. डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, शिट्टीच्या आधी होतो तसा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ओठात गुदगुल्या होतात. हे पहिल्या बाकावर दिसतं. शेवटच्या बाकावरून फक्त बाई काहीतरी बोलताहेत एवढंच कळतं. एकदा एका लग्नाहून थेट शाळेत आले, ओठांवर लालभडक रंग होता. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाने पहिल्यांदा व्हेस्ट बरोबर म्हटलं. विचारलं तर म्हणाला, "आज दिसलं."

तेव्हापासून उच्चाराच्या तासाला ठळक रंग, एरवी मातकट गुलाबी. एक धोका सांगून ठेवते. 'व्हेरी, व्हॅन, व्हिलेज' तीस वेळा म्हटलं की लिपस्टिक दातांवर येते आणि पुढची रांग खुदखुदायला लागते. म्हणून मॅट घ्यायची आणि लावल्यावर ओठांत टिश्यू दाबून घ्यायचा.

कंपनी कुठली?

बदलत राहते. गावातल्या दुकानात जी शेड हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायला देतात, ती घेते. गव्हाळ किंवा सावळ्या रंगाला विटकरी, मरून, खजुरी रंग फार छान दिसतात. फिकट गुलाबी लावली तर ओठ आजारी वाटतात.

लॅक्मेचं नाव मात्र मी वर्गात सांगते. १९५२ साली टाटांनी सुरू केलेल्या या कंपनीचं नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलं आहे, आणि ते 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप आहे. शब्द गावोगाव हिंडून कसे परत येतात हे सातवीच्या मुलांना यातून पटकन कळतं.

'आज बाईंनी काय घातलंय' हा खेळ नक्की कसा घेता?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

सोमवारचा पहिला तास, पहिली पाच मिनिटं. मी वर्गात येऊन काही न बोलता उभी राहते. मुलांनी पूर्ण वाक्यात सांगायचं. 'मॅडम इज वेअरिंग अ ग्रीन सारी.' पुढच्याने त्यात एक शब्द वाढवायचा. 'अ ग्रीन सारी विथ अ रेड बॉर्डर.' त्याच्या पुढच्याने आणखी एक. वाक्य जिथे मोडेल तिथे तो गट बाद. चालू वर्तमानकाळ, विशेषणाची जागा, 'अ' आणि 'अॅन' हे सगळं त्यात होऊन जातं आणि व्याकरणाचं नावही काढावं लागत नाही.

खरी गंमत दुसऱ्या आठवड्यात येते. फळ्यावर मी मराठीत लिहिते. साडी नेसतात. शर्ट घालतात. गजरा माळतात. फेटा बांधतात. घड्याळ बांधतात. चष्मा लावतात. अत्तर लावतात. मग प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द विचारते. मुलं चाचपडतात आणि मी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहीत जाते, वेअर. शेवटच्या ओळीपर्यंत वर्गात हशा पिकलेला असतो. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, इंग्रजीत शब्द कमी पडले काय?" मी म्हटलं, "इथे पडले." आपल्या भाषेत काहीतरी जास्त आहे हे कळल्यावर मुलं त्या परक्या भाषेला कमी भितात, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर 'पुट ऑन'. स्वेटर अंगात चढवताना मी मध्येच थांबते, एक हात बाहीत आणि डोकं आत अडकलेलं. हे 'पुटिंग ऑन'. स्वेटर नीट अंगात बसला की 'वेअरिंग'. एवढं केलं की हा फरक परीक्षेत चुकत नाही.

हाच खेळ मुलांच्या कपड्यांवर घेतला तर?

घेऊ नका. एकतर सगळे गणवेशात असतात. दुसरं म्हणजे एखाद्याचा शर्ट उसवलेला असतो आणि ते इंग्रजीत सांगणारा कुणीतरी निघतोच. मी एक पेटारा ठेवला आहे. जुना गॉगल, फेटा, दुपट्टा, हातमोजे, बंद पडलेलं घड्याळ, एक टाय. ज्याला पुढे यायचं आहे त्याने त्यातलं चढवून यायचं. आणि एक नियम बाईंनाही लागू आहे. वस्तूबद्दल बोलायचं. माणसाचा रंग, जाडी, उंची यांबद्दल एक शब्द नाही.

मुलं तोंडच उघडत नाहीत. सुरुवात कुठून करू?

एकट्याला उभं करणं थांबवा. आधी सगळा वर्ग एकत्र म्हणेल, मग एक रांग, मग बाकावरची जोडी, आणि एकटं बोलणं अगदी शेवटी. शिवाय चूक लगेच दुरुस्त करू नका. मूल 'शी वेअरिंग सारी' म्हणालं की मी मान डोलावते आणि तेच वाक्य नीट करून सहज म्हणते, "येस, शी इज वेअरिंग अ सारी." पुढच्या वेळी निम्मी मुलं 'इज' आपोआप घालतात. उरलेली निम्मी घालत नाहीत. चालायचंच.

माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. गटकाम करायचं कसं?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. माझ्या सातवीत या वर्षी अठ्ठावन्न आहेत, तेव्हा तुमचं दुःख मला कळतं. गट करू नका, जोड्या करा. बाक हलवावे लागत नाहीत. गोंगाट होणारच, पण थांबवायची खूण आधी ठरलेली हवी. माझ्या उजव्या हातात एक जाड लाखेची बांगडी असते. टेबलावर दोनदा टकटक केली की सगळे गप्प. पट्टी आपटण्यापेक्षा बरं, आणि घसाही वाचतो. काचेच्या बांगड्यांवर हा प्रयोग करू नका. मी केला आहे आणि त्या दिवशी उरलेला तास काचा वेचण्यात गेला.

इंग्रजीच्या तासाला मराठीत समजावलं तर चालतं का?

माझ्या मते चालतं, आणि काही ठिकाणी तर मराठीतच समजवावं. मुलं 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड' असं का लिहितात? कारण मराठीत 'जरी' आला की मागून 'तरी' यावाच लागतो. ही चूक आळसाची नाही, ती चांगल्या मराठीची आहे. फळ्यावर 'जरी–तरी'ची जोडी लिहायची आणि इंग्रजीत यातला एकच चालतो असं सांगून दुसरा पुसून टाकायचा. दोन मिनिटांचं काम. हेच इंग्रजीतून समजावत बसलात तर तास संपेल. मात्र सूचना रोजच्या इंग्रजीतच द्यायच्या. पुस्तक उघडा, जोडीदाराला विचारा, फळ्याकडे बघा, या गोष्टी मराठीत सांगायची जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर गरज उरत नाही.

झेडचा उच्चार कसा शिकवायचा?

'जेवण'मधला ज आणि 'जरा'मधला ज वेगळे आहेत, हे मुलांना न शिकवता येतं. 'जरा' मधला ज हा झेडचा शेजारी. तिथून सुरुवात करायची. मग हात गळ्यावर ठेवून लांब 'स्सस्स' म्हणायचं आणि तोंड तसंच ठेवून घशातून आवाज सोडायचा. हाताला गुणगुण लागली की झेड आला. जीभ वर टेकली तर परत 'जरा' होतो. व्ही आणि डब्ल्यूचं वर लिपस्टिकच्या प्रश्नात आलं आहे.

रिकाम्या पुड्या जमवायला का सांगता?

शँपूच्या पुड्या, पावडरचे डबे, साबणाची वेष्टनं, पेस्टचे खोके. मुलांच्या घरात इंग्रजी वाचायला मिळतं ते बहुतेक एवढंच. आधी घरून पुसून आणायला सांगायचं, नाहीतर वह्या चिकट होतात. मग शोधाशोध. एमआरपी कुठे आहे? 'युज बिफोर' आणि 'बेस्ट बिफोर' कुठे आहे? 'फॉर एक्स्टर्नल युज ओन्ली' म्हणजे काय? शँपूच्या पुडीवर अप्लाय, लॅदर, रिन्स अशी आज्ञार्थी क्रियापदं रांगेने सापडतात. शेवटी मुलांनी स्वतःची पुडी लिहायची. एका मुलीने आजीच्या डोक्याला तेल लावण्याच्या सूचना लिहिल्या. वॉर्म द ऑइल. सिट बिहाइंड आजी. डू नॉट पुल. लिसन टू हर स्टोरी. रिपीट एव्हरी संडे. ती वही मी परत द्यायला दोन दिवस उशीर केला.

स्पेलिंगसाठी काही युक्ती?

बघ, झाक, लिही, तपास. याच क्रमाने, रोज पाच शब्द. दहा-दहा वेळा लिहायला देऊ नका. चौथ्या वेळेपासून हात चालतो आणि डोकं बंद असतं.

शाळेत जायचं तर सनस्क्रीन कशाला?

कारण प्रार्थना मैदानावर असते आणि मधल्या सुट्टीची ड्यूटीही. खिडकीजवळ टेबल असेल तर वर्गातही लागतं, कारण साध्या काचेतून अतिनील-ए किरण बऱ्यापैकी आत येतात. एसपीएफ ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो आणि ५० चा सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. बहुतेक जणी याच्या पावभर लावतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. पिवळसर-पांढरा थर दिसत असेल तर जेलचं घ्या. सतत उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं. सहलीच्या दिवशी हे विसरले आणि पाठीवर ब्लाउजच्या गळ्याचा नकाशा उमटला.

खडूमुळे हात कोरडे पडतात. काय लावता?

खडू हातातलं तेल शोषतो. शाळेत पर्समध्ये ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची छोटी बाटली, रात्री हिरव्या ट्यूबमधलं बोरोलिन. ते १९२९ पासून कोलकात्यात बनतं आणि माझ्या आईच्या कपाटातही तेच असायचं. पण बोटांना भेगा पडून खाज येत असेल तर क्रीम बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

काजळ दुपारपर्यंत गालावर उतरतं. आणि घरचं काजळ चांगलं ना?

काजळाआधी डोळ्यांखाली थोडी पावडर लावा आणि पापणीच्या आतल्या ओल्या कडेला काजळ भरू नका. खडूची भुकटी तिथेच जाऊन बसते. मी वरच्या पापण्यांच्या मुळाशी बारीक रेघ ओढते, तेवढं पुरतं. घरचं काजळ म्हणजे दिव्याची काजळी आणि तूप. मोठ्यांनी हौसेने कधीतरी लावलं तर मी टोकणार नाही, पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ते मुळीच घालू नका. पारंपरिक सुरम्यात तर शिशाचं संयुग असू शकतं, तो कुणीच लावू नये.

टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. टिकली बदलू का?

कंपनी बदलून भागेलच असं नाही, आधी चिकटणारी टिकलीच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं आणि त्याने काहींच्या त्वचेचा रंगच जातो. सुरुवातीला नुसती खाज येते, तेव्हाच थांबलं तर बरं. डाग पडला असेल तर डॉक्टरांकडे जा. तोवर टिकलीच्या पेन्सिलने किंवा शुद्ध कुंकवाने काम चालवा. बाजारातल्या काही कुंकवांत हळद-चुन्याऐवजी रंगच जास्त असतो, त्यानेही त्रास झाला तर कपाळ मोकळं ठेवा. मोकळ्या कपाळाने मी दोन महिने शिकवलं. पहिल्या दिवशी मुलांनी विचारलं, दुसऱ्या दिवशी विसरले.

गोरं व्हायला कुठलं क्रीम सुचवाल?

सुचवणार नाही. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम चेहऱ्याला फासू नका. महिनाभर चेहरा उजळ दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते, आणि क्रीम सोडलं की सगळं उसळून येतं. अशी बरीच क्रीमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ते उगाच नाही.

केस रंगवता का?

कानामागचे थोडे. प्रत्येक वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास थांबते. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि दहा वर्षं काही झालं नाही तरी अकराव्या वर्षी अॅलर्जी येऊ शकते. 'काळी मेंदी' हे नाव ऐकून निर्धास्त होऊ नका, तिच्यातही ते असतं.

परफ्यूम?

शाळेत नाही. माझ्या वर्गात एका मुलाला दमा आहे. मोगऱ्याच्या दिवसांत गजरा माळते, पण तो शिंकायला लागला तर गजरा स्टाफरूमच्या खिडकीत जातो.

आठवीतल्या मुली विचारतात, 'मॅडम, आम्ही पण लिपस्टिक लावू का?' काय सांगता?

शाळेत नाही, गॅदरिंगला आईला विचारून. एवढंच सांगते. 'या वयात हे सुचतंच कसं' असं म्हणायला मला तोंड नाही, कारण मी स्वतः लावून उभी असते. पण लिपस्टिक कुणाची उसनी लावायची नाही आणि शाळेत येताना आपण छान दिसतोय की नाही याचा हिशेब मांडत बसायचं नाही, हे मात्र बजावते. दुसरं त्यांना पटतं की नाही, माहीत नाही.

तुम्ही शिकवणी घेता का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. 'फक्त माझ्या एकट्या मुलाला' हाही त्याला अपवाद नाही. घरी करण्यासारखं हवं असेल तर वरचा पुड्यांचा खेळ स्वयंपाकघरात घ्या.

पुरुष शिक्षकांसाठी काही आहे का?

तुमच्या शर्टावर 'वेअर'चा खेळ अगदी व्यवस्थित चालतो. फक्त खडू खिशात ठेवू नका.

एखाद्या दिवशी काहीच न नटता गेलात तर?

जाते की. गेल्या पावसाळ्यात ताप उतरल्यावर गेले होते. चुरगळलेली साडी, काजळ नाही, केस कसेतरी बांधलेले. नेमका सोमवार होता. नेहमीप्रमाणे गप्प उभी राहिले. वर्गही जरा वेळ गप्प होता. मग तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम इज वेअरिंग टेन्शन."

मी त्याला चूक म्हटलं नाही. इंग्रजीत चेहऱ्यावरचा भावही 'वेअर' करतात, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, त्याखाली 'मॅडम इज वेअरिंग अ टायर्ड लुक' लिहिलं. त्याने वहीत दोन्ही उतरवून घेतली.